हिरव्या पर्सचा पट्टा

मोनाली पुण्यात होती तोवर प्रेमिलाचं बरं चाललं होतं. धाकट्या बहिणीचं सुख लांब होतं. फोनवर फोटो यायचे, प्रेमिला खाली एक अंगठा टाकायची आणि कणीक मळायला घ्यायची. पण गेल्या वर्षी मोनालीच्या नवऱ्याची, स्वानंदची, बदली नागपुरात मिहानमधल्या ऑफिसात झाली. दोघांनी मनीषनगरात फ्लॅट घेतला आणि दर रविवारी दुपारी मोनाली आईला भेटायला हुडकेश्वरला येऊ लागली. आई, म्हणजे तुळसाबाई, प्रेमिलाकडेच राहायची. तिचं औषधपाणी, तिचे दवाखाने, मीठ कमी घातलेली तिची वेगळी भाजी, सगळं प्रेमिला आणि तिचा नवरा ओमप्रकाश बघायचे. मोनाली यायची ती सफरचंदं आणि हसू घेऊन.

एका रविवारी ती पर्स घेऊन आली. पिकलेल्या जांभळाच्या रंगाची, डब्यासारखी ताठ, वर वळणदार झाकण, झाकणावर सोनेरी फिरकीचं कुलूप. कुठल्याशा परदेशी कंपनीची होती. लग्नाच्या वाढदिवसाला स्वानंदने दिली होती. मोनालीने ती दिवाणावर सहज टाकली. तुळसाबाईंनी ती उचलली, बोटांनी चाचपली, आणि मग उठून कपाटातून धुतलेला टॉवेल काढून त्यावर ठेवली.

"प्रेमिला, थो ओला ग्लास तिथं नको ठेवू वं. पर्सले डाग लागते."

प्रेमिलाने ग्लास उचलला. ती स्वतः एका खासगी कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होती. तिची पर्स दाराच्या खिळ्याला लटकलेली असायची, चेन अर्धी तुटलेली, आत डबा, छत्री आणि आईच्या गोळ्या. त्या पर्सला कुणी कधी टॉवेल दिला नव्हता.

मोनाली हात धुवायला मागे गेली तेव्हा प्रेमिलाने पर्स हातात घेतली. बघायला म्हणून घेतली आणि वीत लावून मोजून टाकली. लांबी वीतभर आणि वर चार बोटं. कड बघितली, ती दुमडलेली नव्हती, कापून रंगवलेली होती. टाके किंचित तिरपे, एकसारखे. आतलं अस्तर करड्या मखमलीसारखं. मोनालीची चाहूल लागली तशी तिने पर्स टॉवेलवर होती तशी ठेवली, कुलपाचं तोंडसुद्धा त्याच बाजूला वळवून.

"आवडली काय गं ताई?" मोनालीने विचारलं. पुण्यात राहून तिचं 'वं' कधी 'गं' व्हायचं, कधी नाही.

"चांगली आहे," प्रेमिला म्हणाली. "जड आहे पण."

प्रेमिलाला शिवणकाम आईने शिकवलं होतं. तुळसाबाईंनी उभ्या गल्लीची झबली-परकर शिवून दोन्ही मुली शिकवल्या. मोठीला मशीनवर बसवलं, धाकटीला पाय पोचायचे नाहीत म्हणून सोडून दिलं, आणि मग ती सुटली ती सुटलीच. प्रेमिला बारावीत असताना एकाच ताग्यातून दोघींचे फ्रॉक, पंजाबी ड्रेस शिवायची. मोनालीच्या अंगावर गेला की तोच कपडा दुकानातून आणल्यासारखा दिसायचा. "कुठून घेतला वं?" असं बाया मोनालीला विचारायच्या. प्रेमिलाला कुणी विचारायचं नाही. तेव्हापासून तिच्या पोटात एक निखारा होता. लग्नं झाली, मुलं झाली, प्रेमिलाचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, पण निखारा काही विझला नाही. आता ती पर्स बघून त्याच्यावरची राख उडाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती स्कूटी घेऊन थेट इतवारीच्या बाजारात गेली. रेक्झिनच्या दुकानदाराने विचारलं, "दीदी, सोफे का दिखाऊँ के गाडी की सीट का?"

"पर्स का," ती म्हणाली. मोठ्याने म्हणून बघितल्यावर तिला स्वतःलाच ते खरं वाटलं.

जांभळा रंग तिने मुद्दाम घेतला नाही. कुणी कॉपी म्हणायला नको होतं. गर्द हिरवा घेतला, ओल्या शेवाळासारखा. सीताबर्डीवर जुन्या सुटकेस दुरुस्त करणाऱ्याकडून फिरकीचं कुलूप मिळवलं.

मे महिना होता. त्याच आठवड्यात कॉलेजला सुट्या लागल्या. कूलर घरघरत असायचा, आई आतल्या खोलीत झोपलेली असायची आणि प्रेमिला खिडकीखालच्या मशीनवर बसायची. फोनवर व्हिडिओ लावून ठेवलेला असायचा, त्यातली बाई इंग्रजीत भराभर बोलायची, प्रेमिला फक्त तिचे हात बघायची. कागदावर आकार काढला, कापला, चिकटपट्टीने जोडून कागदाचीच पर्स करून बघितली. ती छान दिसली. रेक्झिन कापायला घेतलं आणि हाल सुरू झाले. ते मशीनच्या सुईशेजारच्या लोखंडी पायाखाली चिकटून बसायचं, पुढे सरकायचंच नाही, एकाच जागी टाक्यांचा गोळा व्हायचा. तिने टाल्कम पावडर शिंपडली, तेव्हा सरकायला लागलं. बारीक सुया मोडल्या, जाड सुई आणली. टाचण्या लावल्या तर त्यांची भोकं राहिली, मग वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे लावले. कापडावर चुकलं तर उसवता येतं. रेक्झिनवर उसवलं तरी भोकांची रांग तशीच राहते, चूक लपत नाही.

पहिली पर्स तयार झाली ती एका बाजूला कललेली होती. ओमप्रकाशने जेवताना तिच्याकडे बघितलं. "टिफिनची पिशवी चांगली झाली," तो मनापासून म्हणाला. प्रेमिला त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

दुसरी जमली. आत बकरमचे दोन थर घातले, म्हणून ताठ उभी राहिली. कडा पातळ कुंचल्याने रंगवून, वाळवून, पुन्हा रंगवल्या. आईच्या जुन्या रेशमी साडीचं केशरी अस्तर लावलं. झाकणाचं वळण मात्र तिने आपल्या मनाचं केलं, मोनालीच्या पर्सपेक्षा जरा खोल, नाकात नथ असावी तसं कुलपाजवळ येऊन वळणारं. पर्स टेबलावर ठेवून ती दाराजवळ गेली आणि तिथून बघितलं. मग खिडकीजवळ गेली आणि तिथून बघितलं. तिला हसू येत होतं.

आता रविवार येऊ दे, असं तिला झालं. मोनालीचा चेहरा कसा पडतो ते तिला बघायचं होतं.

रविवारी पर्स टेबलावर मुद्दाम दिसेल अशी ठेवलेली होती. मोनाली आली, चप्पल काढता काढताच थबकली.

"ही कोणाची?"

"माझी. शिवली."

"तू शिवली?" मोनालीने धावत येऊन पर्स उचलली, उघडली, अस्तर बघून ओरडली. "आई, पाह्य ना, तुझी साडी! ताई, ही तर माझ्यापेक्षा भारी आहे वं. खरं सांगते. मले एक शिवून दे ना, सौरवच्या लग्नात घेते."

सौरव त्यांचा मामेभाऊ. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. प्रेमिला मोनालीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यात जळणं नव्हतं, खोट नव्हती, निव्वळ आनंद होता, आणि तो बघून प्रेमिलाच्या अंगाची लाही झाली. हिला माझा हेवासुद्धा वाटत नाही! हिच्या लेखी मी तेवढीही नाही.

"रेक्झिन संपलं ना," ती म्हणाली.

"मंग हेच दे ना तिले," तुळसाबाई दिवाणावरून म्हणाल्या. "तुले कुठं मिरवाचं असते? तू कॉलेजात जाते आन घरी येते."

प्रेमिला आत गेली आणि उगाचच भांडी घासायला लागली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "देईन. पण पट्टा लावायचा राहिला आहे. पुढच्या रविवारी घेऊन जा."

पट्टा खरंच राहिला होता. खांद्यावर अडकवायचा लांब पट्टा पर्सच्या बाजूंना जोडायचा असतो. सगळा भार तिथे येतो. आईने लहानपणी दप्तरं शिवताना शिकवलेलं होतं, पट्ट्याचं टोक दोनदा दुमडायचं, चौकोनी टीप घालायची, चौकोनात फुली मारायची. पर्सला वर एक धातूची रिबीटही ठोकायची. सोमवारी दुपारी प्रेमिला मशीनवर बसली. एका बाजूचा चौकोन घातला, फुली मारली, रिबीट ठोकली. दुसऱ्या बाजूला पट्टा धरला. एक आडवी टीप मारली आणि हात थांबला. तिने सुई वर केली, दोरा कापला. टीप झाकायला गोंद लावून वरून शोभेचा एक तुकडा बसवला. बाहेरून दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. आपण काय केलं ते तिला पुरतं कळत होतं. ती उठून चहा टाकायला गेली आणि पुन्हा मशीनकडे आली नाही.

सौरवचं लग्न मनीषनगरातल्याच एका सभागृहात होतं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, भन्तेजी आलेले, बुद्धवंदना चाललेली. बहुतेक बायाही पांढऱ्या साड्यांत होत्या. त्या पांढऱ्यात मोनालीच्या खांद्यावरची हिरवी पर्स अशी उठून दिसत होती की मंचावरच्या फुलांकडेही कुणाचं लक्ष गेलं नसेल. वंदना संपली, टाळ्या झाल्या आणि बाया मोनालीभोवती जमल्या.

"कुठून घेतली वं?"

प्रेमिला मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. हा प्रश्न ती लहानपणापासून ऐकत आलेली होती. मोनाली आता काय सांगते याची तिला खात्री होती. हसेल, मान वाकडी करेल, म्हणेल पुण्याहून.

पण मोनालीने मागे वळून थेट बोट दाखवलं. "माझ्या ताईनं शिवली! घरी, मशीनवर. ते पाह्य, तिथं बसली आहे. अस्तर पाह्य, आईच्या साडीचं आहे."

सगळ्या माना प्रेमिलाकडे वळल्या. मामी आली, मामीच्या सुना आल्या, नवरीकडची एक शिक्षिका आली आणि म्हणाली की मला अशीच काळी पाहिजे, कुठे भेटू तुम्हाला? कुणी तिचा हात हातात घेतला. कुणी विचारलं, रंग कोणता लावला कडांना? प्रेमिला उत्तरं देत होती, तिचे कान तापले होते, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या बाया तिच्याभोवती होत्या. आणि त्यांच्या खांद्यांमधून तिची नजर सारखी एकाच जागी जात होती, मोनालीच्या डाव्या कुशीशी, पट्ट्याच्या त्या टोकाकडे.

आता तो टिकायला हवा होता. एवढं लग्न पार पडायला हवं होतं.

तिने बायांना बाजूला सारलं. "मोना, दे ती पर्स. मी धरते."

"आज नाई देत," मोनाली हसून म्हणाली. "आज माझी आहे."

"अवं, जड होते. दे."

"काहून वं, आता परत पाहिजे काय तुले?"

सगळ्या हसल्या. प्रेमिलाही हसली. तेवढ्यात तुळसाबाई आल्या, त्यांना जेवायला बसायचं होतं. त्यांनी आपली पाण्याची बाटली, औषधांचा डबा, चष्म्याचं घर आणि एसी लागतो म्हणून आणलेली शाल मोनालीकडे दिली. मोनालीने सगळं पर्समध्ये कोंबलं. वर आपला फोन ठेवला. फिरकी मुश्किलीने लागली.

जेवणाच्या रांगेत मोनालीने वाढून घ्यायला हात पुढे केला आणि पट्टा सुटला. फारसा आवाज झाला नाही. पर्स खाली आदळली, उघडली, बाटली घरंगळत टेबलाखाली गेली, फोन फरशीवर पालथा पडला. मोनालीने उचलून बघितला तर काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली.

बायजाबाई, तुळसाबाईंची थोरली बहीण, रांगेत मागेच होती. "घरी शिवलेलं असंच असते बाप्पा," ती म्हणाली. "दिसाले चांगलं फक्त."

काळी पर्स हवी असलेली शिक्षिका तिथेच उभी होती. तिने वाकून गोळ्यांचं पाकीट उचलून दिलं आणि आपल्या ताटाकडे वळली.

"नाई मावशी, चूक माझी आहे," मोनाली म्हणाली. "मीच गोणीसारखी भरली तिले. ताईचं काम पक्कं असते."

प्रेमिला गुडघ्यांवर बसून सामान गोळा करत होती. ते शेवटचं वाक्य ऐकून तिला वाटलं, हिने मला चार लोकांत मारलं असतं तर बरं झालं असतं. तुळसाबाईही खाली वाकल्या होत्या. त्यांनी सुटलेलं टोक हातात घेतलं, चष्मा नसल्यामुळे अंगठ्याने चाचपलं. एक टीप. मग दुसऱ्या बाजूचं टोक चाचपलं, चौकोन, फुली, रिबीट. त्यांनी प्रेमिलाकडे बघितलं. पट्टा गुंडाळून पर्समध्ये घातला आणि पर्स आपल्या मांडीवर घेऊन जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमिला पापड वाळत घालून आत आली तर आई मशीनपाशी स्टूल ओढून बसलेली होती. पर्स समोर होती.

"काहून केलं वं?"

"काय?"

"मले शिकवते काय आता? मीच शिकवलं तुले."

प्रेमिला दारातच उभी राहिली. तोंडात आलं ते भलतंच. "तू तिची पर्स टॉवेलवर ठेवते," ती म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच ते एवढं पोरकट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "माझी कधी ठेवली? तुझं सारं मी करते. आन ती आली का तू उठून बसते. तिच्यासाठी तुझे गुडघे दुखत नाई."

"ती पाहुणी आहे ना वं. घडीभरासाठी येते. तू घरची."

"तेच तर."

तुळसाबाईंनी सुटलेला पट्टा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. मग त्या म्हणाल्या, "तिचा फोन फुटला."

"माहीत आहे मले."

"आन तुझं नाव खराब झालं. तिचं काई नाई गेलं. फोन काय, स्वानंद नवा आणते. त्या सगळ्या बाया काय म्हणत असतीन? प्रेमिलाले शिवता येत नाई म्हणतीन. आन तुले येते." त्यांनी पर्स मशीनवर सरकवली. "बस."

प्रेमिला बसली. शोभेचा तुकडा काढला, गोंद खरवडला, टोक दोनदा दुमडलं. चौकोन घातला, फुली मारली. आई शेजारी बसून टिपेकडे बघत होती, परीक्षा घेतल्यासारखी. रिबीट ठोकायला तिनेच हातोडी दिली.

संध्याकाळी प्रेमिला पर्स घेऊन मनीषनगरला गेली. सबंध रस्ताभर ती वाक्य जुळवत होती. मोनालीने दार उघडलं, "अरे, आजच झाली?" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. प्रेमिला तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर तडकलेला फोन चार्जिंगला लावलेला होता.

"पट्टा कच्चा होता," प्रेमिला म्हणाली.

"होते गं घाईत."

"घाईत नाई झालं, मोना. मी तसाच ठेवला होता. एक बाजू पक्की केली, एक नाई केली."

मोनालीच्या हातात साखरेचा चमचा होता. तो तिने भांड्यात रिकामा केला, मग विसरून आणखी एक घातला. चहा उतू जायला आला तेव्हा तिने गॅस बारीक केला.

"मी सगळ्यांना तुझं नाव सांगत फिरली," ती म्हणाली.

"हाव."

"मले वाटलं तू खुश होशील."

"झाली होती," प्रेमिला म्हणाली. "म्हणून तर आली."

मोनालीने चहा गाळला. दोघी उभ्यानेच प्यायल्या, तो इतका गोड होता की गिळवत नव्हता, तरी दोघींनी संपवला. मग मोनालीने हिरवी पर्स उचलली, पट्टा दोन्ही हातांत धरला आणि जोराने ओढला. सुटला नाही. तिने दुसऱ्या बाजूने ओढला, पायाने पर्स दाबून धरून, चेहरा लाल होईपर्यंत. तेव्हा कुठे सोडला.

"जाय आता," ती म्हणाली. "स्वानंद येईल. मले आत्ता काई बोलावंसं नाई वाटत."

पुढचे दोन रविवार ती आली नाही. आईला फोन करायची, प्रेमिलाशी बोलायची नाही. तिसऱ्या रविवारी आली, हिरवी पर्स घेऊन, नव्या फोनसकट. प्रेमिलाने पोहे केले. बोलणं सौरवच्या नवरीबद्दल झालं, उन्हाबद्दल झालं. जाताना मोनालीने सांगितलं की लग्नातल्या त्या शिक्षिकेचा नंबर तिने मिळवला आहे आणि तिला काळ्या पर्सचं पुन्हा विचारलं आहे, तिला ती अजून हवी आहे. "तिले मी सांगितलं, पट्टा ओढून पाहून घेजा म्हणून," ती म्हणाली, आणि हसली नाही.

काळी पर्स प्रेमिलाने पावसाळ्यात शिवली. ती घ्यायला शिक्षिका स्वतः धरमपेठेतून आली, आरशापुढे उभी राहून खांद्यावर लावून बघितली, वळून पाहिलं, आणि ती तिच्यावर इतकी शोभली की प्रेमिलाला क्षणभर ती द्यावीशीच वाटेना. पण पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चौकोन होते, फुल्या होत्या. तिने पर्स कागदात गुंडाळून दिली, फाटकापर्यंत सोडायला गेली, आणि ती बाई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिच्या खांद्याकडे बघत राहिली.